समुद्र पहिल्यांदा पाहताना : अंदमानच्या सहलीपूर्वी घ्यावयाची आरोग्याची खबरदारी

साखरखेर्डा : सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात येथे झालेल्या या लढाईनंतर हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. कापूस-सोयाबीनच्या या मुलखापासून समुद्र मात्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथील माणसाला पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, पैनगंगेचे किंवा खडकपूर्णेच्या जलाशयाचे. ऊन ठाऊक असते ते मे महिन्यातील कोरडे, चाळिशी ओलांडणारे. अशा भागातील कुटुंब जेव्हा पहिल्यांदाच बेटावरच्या सहलीला निघते, तेव्हा गावातील हा अनुभव काही ठिकाणी उपयोगी पडतो आणि काही ठिकाणी नेमका फसवतो.

मराठी माणसाच्या मनात बेट म्हटले की प्रथम अंदमान येते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात तेथील सेल्युलर जेलमध्ये बंदिवान होते. त्यामुळे मराठी पर्यटकांसाठी या प्रवासाला सहलीइतकेच यात्रेचेही रूप असते आणि घरातील ज्येष्ठ मंडळी आवर्जून सोबत येतात. सहलीची आखणी करताना तिकीट, हॉटेल आणि खर्च यांचा हिशेब काटेकोरपणे होतो. आरोग्याचा विचार मात्र बॅग भरताना, अगदी अखेरीस केला जातो. तो क्रम बदलणे हितावह आहे.

नावे बदलली, नकाशा जुना

प्रवासाची कागदपत्रे, तिकिटे व नकाशे पाहताना गोंधळ होऊ नये म्हणून काही नावे लक्षात ठेवावीत. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराला श्रीविजयपुरम हे नाव देण्याचा निर्णय जाहीर झाला. बोलताना जुनीच नावे अधिक वापरली जातात. आणीबाणीच्या प्रसंगी मदत मागताना दोन्ही नावे सांगता यावीत.

निघण्यापूर्वी किमान महिनाभर

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा अपस्मार यांपैकी कोणताही विकार असल्यास प्रवासापूर्वी किमान एक महिना आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाबावरील काही गोळ्यांमुळे लघवीचे प्रमाण वाढते. दमट हवेत घामावाटेही पाणी जात असल्याने अशा रुग्णांनी औषधाच्या मात्रेविषयी विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील, तर ती घ्यावी. प्रवाळाने किंवा खडकाने कापणे ही किनाऱ्यावरची नेहमीची जखम आहे. टायफॉइड व कावीळ-अ यांच्या लशींबाबतही डॉक्टरांना विचारावे.

नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा किमान पाच दिवस पुरतील एवढी जास्त घ्यावीत. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी हवामानामुळे बोटसेवा बंद पडली आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. नौदल, तटरक्षक दल व हवाई दलाच्या मदतीने त्यांना परत आणावे लागले. अशा वेळी खोलीत जेवण मिळते. रोजची गोळी मिळेलच असे नाही. औषधे व इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात न देता हातातील पिशवीत ठेवावे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी व औषधांच्या मूळ नावांची यादी असावी.

धोका बेटावर सुरू होत नाही

साखरखेर्ड्याहून अंदमानला जायचे तर आधी छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईचे विमानतळ गाठावे लागते. पहाटेचे विमान पकडण्यासाठी रात्रभर गाडी चालवणे ही अनेकांची सवय असते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळच खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ही घटना या परिसराच्या स्मरणातून गेलेली नाही. शक्य असल्यास आदल्या दिवशी उजेडी प्रवास करून विमानतळाच्या शहरात मुक्काम करावा. मागच्या आसनावरील प्रवाशांनीही पट्टा लावावा. बसमध्ये बसताच आणीबाणीचे दार कुठे आहे, हे पाहून ठेवावे.

तीस अंशांचा चकवा

अंदमानात वर्षभर तापमान साधारणपणे २३ ते ३१ अंशांच्या दरम्यान असते. बुलडाणा जिल्ह्यातील उन्हाळा सोसलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. फसगत येथेच होते. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि वाळताना शरीर थंड करतो. बेटावरील हवेत आर्द्रता बहुतेक वेळा ७० टक्क्यांच्या वर असते. घाम येतो, पण वाळत नाही. अंगावरून नुसता ओघळतो. शरीरातील पाणी व क्षार जातात आणि थंडावा मात्र मिळत नाही.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे आणि गडद पिवळी लघवी ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत बसवून क्षारसंजीवनीचे पाणी घोटाघोटाने द्यावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) विरघळवून घ्यावे. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पहिला दिवस अंगाला हवेची सवय होण्यासाठी हलका ठेवावा.

दुसरा चकवा घड्याळाचा आहे. संपूर्ण देशाची प्रमाणवेळ एकच असली, तरी श्रीविजयपुरम साखरखेर्ड्याच्या पूर्वेस सोळा अंशांहून अधिक रेखांशावर आहे. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे एक तास आधी माथ्यावर येतो. घड्याळात साडेअकराही वाजण्यापूर्वी तेथे भर मध्यान्ह होते. सकाळचे दहा वाजलेत, अजून ऊन कोवळे आहे, हा हिशेब तेथे चुकतो. डिसेंबरमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे किनाऱ्यावर जायचे ते सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी अडीचनंतर, आणि परतायचे ते अंधार पडण्यापूर्वी, असे वेळापत्रक ठेवावे.

पाणी व पांढरी वाळू यांवरून परावर्तित होणारे ऊन सावलीतही त्वचा भाजते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद कडांची टोपी, उपरणे किंवा स्कार्फ हे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे संरक्षण होय. उघड्या भागाला किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन उन्हात जाण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. रंग सावळा असला म्हणजे त्वचा भाजत नाही, ही समजूत चुकीची आहे.

विहिरीतील पोहणे आणि समुद्र

पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आपल्याकडे आजही आहे. त्यांना पाण्याचे भय नसते, आणि समुद्रावर तीच मोठी जोखीम ठरते. विहिरीचे पाणी स्थिर असते व काठ चार हातांवर असतो. समुद्रात लाट किनाऱ्यावर येते तेव्हा तेवढेच पाणी परत आतही जाते. काही ठिकाणी हे परतणारे पाणी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत, गडद किंवा गढूळ दिसतो. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते.

अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने थेट पोहण्याचा प्रयत्न करू नये. पट्टीचा पोहणाराही त्यात थकतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ती असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडून मग तिरपे किनाऱ्याकडे यावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी स्वतः उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा किंवा लाइफ जॅकेट फेकावे.

बुडालेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार गावोगावी आजही पाहायला मिळतात. ते घातक आहेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातील पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रुग्णाला सपाट जागी उताणे झोपवून श्वास पाहावा. श्वास चालत नसल्यास तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, तीस वेळा दाब व दोन वेळा श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. ही कृती निघण्यापूर्वी घरातील किमान एका व्यक्तीने डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. खडकपूर्णेच्या काठीही ती उपयोगी पडेल.

पाण्यात उतरताना साडी, ओढणी आणि जीन्स टाळावी. भिजल्यावर हे कपडे जड होतात व पायांत गुंततात. लहान मुले हाताच्या अंतरावर असावीत. मद्यपान करून पाण्यात उतरणे म्हणजे जीवावरचा खेळ होय.

बोटीत चढण्यापूर्वी

२६ जानेवारी २०१४ रोजी श्रीविजयपुरम (तत्कालीन पोर्ट ब्लेअर) जवळ पर्यटकांना नेणारी एक खासगी बोट उलटून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा बरेच अधिक प्रवासी होते. सुट्टीचा दिवस, गर्दी आणि ‘एवढ्यांना घ्या, जागा होईल’ ही वृत्ती अशा अपघातांमागे असते. वडाप किंवा काळी-पिवळीत दाटीने बसण्याची सवय बोटीत उपयोगाची नाही. बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचावी; गर्दी अधिक दिसल्यास उतरून पुढच्या बोटीची वाट पाहावी. पैसे बुडाले तरी चालतील. लाइफ जॅकेट मांडीवर न ठेवता अंगात घालून त्याचे सर्व पट्टे लावावेत. मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागावे.

बोट लागण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांनी सुचवलेली गोळी प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही. बोटीच्या मध्यभागी बसून नजर क्षितिजावर ठेवल्याने त्रास कमी होतो.

पाण्याखालची हौस

स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंगपूर्वी आरोग्याविषयीचा अर्ज भरून घेतला जातो. पुढे उभे असलेल्या रांगेच्या लाजेने त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था लपवू नये. सर्दी असताना कानातील दाब समतोल होत नाही व पडदा फाटू शकतो. त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. पाण्याखाली श्वास रोखून धरू नये, हा पहिला नियम होय.

स्कूबानंतर लगेच विमानप्रवास करणे धोक्याचे आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातील कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून सांधे, मज्जारज्जू व मेंदूला इजा पोहोचवू शकतो. शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास, शक्यतो पूर्ण एक दिवस असावा. म्हणून स्कूबा सहलीच्या मधल्या दिवशी ठेवावे, अखेरच्या दिवशी नव्हे.

मगर, जेलीफिश आणि काटे

अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. एप्रिल २०१० मध्ये हॅवलॉक येथे एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीचे मुख, खारफुटीची झाडी, आणि पहाट व तिन्हीसांजेची वेळ टाळावी. मगरीच्या इशाऱ्याचा फलक दिसल्यास छायाचित्रापुरतेही पाण्यात पाऊल टाकू नये.

जेलीफिशचा दंश झाल्यास प्रथम पाण्याबाहेर यावे. जागा वाळूने चोळू नये व गोड्या पाण्याने धुऊ नये. त्याने उरलेल्या दंशपेशी फुटून विष वाढते. व्हिनेगर ओतावे, त्वचेला चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. छातीत दुखणे किंवा श्वासाला त्रास झाल्यास रुग्णालय गाठावे. पाकट मासा किंवा विषारी काट्यांचा मासा टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. काटा खोल असल्यास तो डॉक्टरांकडूनच काढावा. उथळ पाण्यात जाड तळाच्या चपला घालाव्यात व पाय घासत चालावे. सुंदर दिसणारा जिवंत शंख हातात घेऊ नये; काही जातींचे शंख प्राणघातक विष टोचतात. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकणे हा तर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाच आहे.

डास, चिखल आणि ताट

डेंगी व मलेरियापासून बचावासाठी सायंकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डास पळवणारे मलम लावावे. किनाऱ्यावरील बारीक वालुमाशांवरही त्याचा उपयोग होतो. उत्तर अंदमानातील दिगलीपूर भागात १९८०च्या दशकाच्या अखेरीस पसरलेला गूढ ताप हा लेप्टोस्पायरोसिस असल्याचे पुढे संशोधनातून स्पष्ट झाले. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी जखमेतून शरीरात गेल्याने हा रोग होतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये.

पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतीलच प्यावे. शहाळ्याचे पाणी उत्तम. ते डोळ्यांदेखत फोडून घ्यावे. मासळी खाण्याची सवय नसलेल्यांनी पहिल्याच दिवशी ताव मारू नये. बर्फात न ठेवलेल्या मासळीत तयार होणारे हिस्टामिन शिजवूनही नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, खाज व धडधड ही त्याची लक्षणे होत.

परतल्यानंतर काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांनीही, ताप आला तर तो अंगावर काढू नये. अंदमानला जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही एक माहिती निदानाची दिशा बदलू शकते.

जारवांचे आरोग्यही आपल्या हाती

बाराटांगला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे थांबणे, छायाचित्र घेणे व खाऊ देणे यांस कायद्याने बंदी आहे. बाहेरच्या रोगांची प्रतिकारशक्ती या समाजाकडे नाही. १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ पसरली होती. बिस्किटाचा पुडा ही दया नसून धोका आहे.

जमीन हलली तर

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमान-निकोबारमध्ये मोठी मनुष्यहानी झाली. २००७ पासून हैदराबाद येथे त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र कार्यरत आहे. तरीही किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा दीर्घ भूकंप जाणवला, अथवा समुद्र एकाएकी आत ओसरला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागा गाठावी. पहिल्या लाटेनंतर लगेच खाली उतरू नये. पुढची लाट अधिक मोठी असू शकते. हॉटेलात पोहोचताच जवळची उंच जागा कोणती, हे विचारून ठेवावे.

गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हे बेटसमूहातील प्रमुख शासकीय रुग्णालय श्रीविजयपुरम येथे सेल्युलर जेलच्या आवारालगतच आहे. लहान बेटांवर प्राथमिक सोयी असतात आणि गंभीर रुग्णाला तेथून हलवण्यास हवामानाची साथ लागते. म्हणून हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांचा मुक्काम शक्यतो श्रीविजयपुरम येथेच ठेवावा. कारागृहाचे जिने चढताना त्यांना घाई करू नये. आणीबाणीसाठी ११२ आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. दूरच्या बेटांवर मोबाइलची सेवा खात्रीची नसते. त्यामुळे दिवसाचा कार्यक्रम सकाळीच हॉटेलात आणि गावी घरच्यांना कळवलेला असावा.

सोबत असावे असे

- नेहमीची औषधे (पाच दिवस जादा) व डॉक्टरांची चिठ्ठी
- क्षारसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल, बोट लागण्यावरील गोळ्या
- जंतुनाशक मलम, पट्ट्या, चिमटा, व्हिनेगरची लहान बाटली
- सनस्क्रीन, टोपी, उपरणे, डास पळवणारे मलम
- जाड तळाच्या, पाण्यात चालणाऱ्या चपला
- ओळखपत्राच्या प्रती, रक्तगट व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद
- विजेरी, अंधार लवकर पडतो

समुद्राचे पहिले दर्शन माणूस आयुष्यभर विसरत नाही. सहलीला निघालेले सारे कुटुंब तितक्याच संख्येने गावच्या बसस्थानकावर परत उतरावे, एवढ्यासाठीच ही तयारी.